मागच्या रांगेतली पोरगी

माझा मणका सरकला म्हणून मला बॅलेचं वेड लागलं, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करते. पण झालं तसंच.

मी नांदेडला एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. नवऱ्याचं लातूरला भांड्यांचं दुकान, घरही तिथंच. लग्न झाल्यापासून शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की बस धरायची, लोहा, अहमदपूर, चाकूर करत दिवेलागणीला लातुरात उतरायचं आणि सोमवारी पहाटे पुन्हा निघायचं. संस्थेच्या लातूरच्या शाखेत बदली होईल, यंदा नक्की होईल, असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले, आणि मग ते रंगवायचाही कंटाळा आला.

त्या वर्षी उन्हाळ्यात नांदेडच्या खोलीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खाटेखालून ओढताना कमरेत काहीतरी कट्कन झालं. मी फरशीवर बसले ते मला उठवेचना. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सक्त आराम, उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. अशा अवस्थेत बसनं लातूर गाठणं शक्य नव्हतं, आणि ऐन लगीनसराईत नवऱ्याला दुकान सोडून येणं शक्य नव्हतं. म्हणून अक्का आल्या.

अक्का माझी थोरली नणंद. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेली. औसा-निलंग्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी जन्मभर नोकरी केली, भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, आणि नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. मी त्यांना जरा वचकूनच असायचे. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळावर विभूती, मग चहा, मग माझी चादर झटकणं, मग स्वयंपाक. बोलणं कामापुरतं. दुपारी दोघी एकाच खोलीत, पंखा फिरतोय, आणि बोलायला काही नाही. मी मोबाईल बघत पडायचे.

डॉक्टरांनी सांगितलेले पाठीचे व्यायाम शोधता शोधता एक व्हिडिओ समोर आला. युरोपातल्या एका मोठ्या बॅले कंपनीचा. नाच नव्हताच तो. सकाळचा त्यांचा रियाज होता. मोठी खोली, भिंतीला आरसे, कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडा, आणि त्याला हात लावून उभे असलेले नर्तक. कुणाच्या पायात लोकरीचे मोजे, कुणाच्या अंगात विटका टीशर्ट. एक म्हातारे सर पियानोवाल्याला खूण करायचे आणि सगळे गुडघे वाकवायचे, सरळ करायचे, पाय पुढं, पाय बाजूला, पाय मागं. जगभर नाव झालेले हे लोक शाळेतल्या पोरांसारखे तेच तेच करत होते. कुणी हसत नव्हतं. एक उंच मानेची बाई मधेच थांबली, घोटा दाबला, पुन्हा सुरू झाली. ती त्या कंपनीतली पहिल्या मानाची नर्तिका होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की हिचंही कुठंतरी दुखतंय आणि हिलाही कामावर जायचंय.

तिथून ती माझी झाली. तिचे जुने नाच शोधले, मुलाखती शोधल्या, ती कोणत्या दिवशी काय नाचणार ते बघायला लागले. कधी तिच्या जागी दुसरंच नाव यायचं, मग तिला काय झालं असेल याची काळजी. चाहत्यांचा एक ग्रुप सापडला, जगभरातल्या बायका आणि थोडे पुरुष. तिथं तिच्या घोट्यावर अशी चर्चा चालायची जशी आमच्याकडे एखाद्या पुढाऱ्याच्या बायपासवर चालावी.

अक्का आठवडाभर लांबून बघत होत्या. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय बघून राहिलीस गं दिवसभर? आण हिकडं."

मी मोबाईल उशीला टेकवून दोघींना दिसेल असा ठेवला. पांढऱ्या कपड्यातल्या मुलींच्या रांगांचा तो प्रवेश होता. पुढं माझी उंच मानेची, मागं ओळीनं चोवीसेक मुली, सगळ्यांचे हात सारखे, माना सारख्या.

"ही बघा, ही सगळ्यांत मोठी," मी म्हणाले.

"दिसून राहिली की," अक्का म्हणाल्या. "आन् ही मागची कोण?"

"कोणती?"

"ती बग. तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला. कान बाहेर आलेत तिचे."

मी बघितलं. खरंच होती एक. खांदे जरा रुंद, केस चापून बांधलेले आणि कान किंचित पुढं आलेले. मागच्या रांगेतल्या सगळ्या मुली एकसारख्या दिसाव्यात म्हणून कंपनी जिवाचं रान करते, आणि अक्कांनी पहिल्याच दिवशी त्यातली एक वेगळी काढली होती.

"तिचं काय?" मी विचारलं.

"काय न्हाई. मान बग कशी धरलीय." आणि त्या पुन्हा मेथीकडं वळल्या.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ती कानाची पोरगी हाय का आज?" तिसऱ्या दिवशी मोबाईल त्यांच्याच हातात होता. मी बरी होऊन कॉलेजला जाऊ लागले तोवर आम्ही दोघी पक्क्या झालो होतो, मी माझ्या बाईची आणि अक्का त्यांच्या पोरीची.

लातूरला परत गेल्यावर अक्कांनी भाच्याकडून, म्हणजे माझ्या पोराकडून, मोबाईल शिकून घेतला. आठवड्यात त्यांचा फोन आला की सासरची खुशाली आधी दोन वाक्यांत संपायची. मग त्या म्हणायच्या, "बुधवारच्या खेळात दुसऱ्या रांगेत आणलं होतं बग तिला." मी ग्रुपवरून कळलेल्या बातम्या सांगायचे. शनिवारी मी घरी पोचले की जेवणं आटोपून आम्ही दोघी माजघरात बसायचो.

नवऱ्याला हे सगळं विचित्र वाटायचं. ते एकदा चिडून म्हणाले, "रोज तेच तेच करून राहिल्यात त्या पोरी. त्यात बघायचं काय हाय एवढं?"

अक्का चष्म्यावरून म्हणाल्या, "तू रोज तेच तांबे पुसतोस ना? आमी कधी विचारलं का तुला?"

त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही; उलट इंटरनेटचं पॅक संपत आलं की न सांगता भरून टाकायचे.

एका वर्षी कळलं की त्या कंपनीचा एक नाच चित्रित करून सिनेमागृहांत दाखवणार आहेत आणि हैदराबादच्या एका मल्टिप्लेक्समध्ये तो लागणार आहे. प्रत्यक्ष बघणं या जन्मी जमणार नव्हतं. पडद्यावर का होईना, मोठा दिसेल. अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गल्लीत काय सांगायचं?"

गल्लीत त्यांनी सांगितलं, श्रीशैलला मल्लिकार्जुनाला चाललो. आमच्या लोकांत त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. विचारलं नाही, पण तिघी-चौघींनी नारळ आणि पैसे दिले, आमच्या नावानं वाहा म्हणून. अक्का नांदेडला आल्या त्या पिशवीत ते नारळ घेऊन, चेहरा उतरलेला.

"आता ह्याचं काय करायचं?" त्या म्हणाल्या.

"हैदराबादेत महादेवाचं देऊळ असेलच की."

"मल्लिकार्जुन न्हाई तो."

गाडीत साऱ्या वाटेनं त्यांना ते लागून राहिलं. निजामाबाद गेलं, कामारेड्डी गेलं, त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. पुढच्या श्रावणात मात्र त्या खरंच श्रीशैलला जाऊन आल्या, नवे नारळ स्वतःच्या पैशानं घेऊन, तेव्हा कुठं त्यांचं मन शांत झालं.

सिनेमागृहात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. एक परदेशी जोडपं, नाच शिकणाऱ्या काही मुली, त्यांच्या आया. गार हवा इतकी की अक्कांनी पदर कानावरून घेतला. पडदा उजळला आणि माझी बाई माणसाच्या दुप्पट उंचीची होऊन समोर आली. तिच्या गळ्यावरचा घाम दिसत होता. मला भरून आलं.

थोड्या वेळानं अक्का शेजारून म्हणाल्या, "मागं कामून दाखवून राहिले न्हाईत?"

कॅमेरा पुढच्या बाईचा चेहरा सोडत नव्हता. तिचे हात, पाय, पुन्हा चेहरा. मागच्या मुली धूसर पांढऱ्या दिसायच्या, कुणाचा अर्धा हात, कुणाचा झगा. मोबाईलवर आम्ही बघायचो त्यात सगळा रंगमंच एकाच वेळी दिसायचा, लहान पण सगळा. इथं एवढा मोठा पडदा आणि त्यात तिसऱ्या रांगेला जागाच नव्हती.

"हो ना जरा बाजूला, बाई," अक्का पडद्याला म्हणाल्या. पुढच्या रांगेतली एक आई वळून बघायला लागली.

मध्यंतर झालं तेव्हा अक्कांचा चेहरा बघवत नव्हता. उत्तरार्धात एकदाच, सगळ्या मुली वर्तुळात धावत येतात तेव्हा, डाव्या कडेनं ते कान दिसले. दिसले आणि गेले. अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता, तो नाच संपेपर्यंत सोडला नाही.

परतीच्या गाडीत त्या बसल्याबसल्या झोपल्या. माझी कमर ठणकत होती. मला माझी बाई डोळेभर बघायला मिळाली होती आणि तरी काहीतरी दुसऱ्याचं ओढून घेतल्यासारखं वाटत होतं. धर्माबादला गाडी उगाचच उभी राहिली. अक्का जाग्या न होताच म्हणाल्या, "आलं का?" मी म्हणाले, "न्हाई अजून."

अशी काही वर्षं गेली. चाहत्याचं जगणंही थकवणारं असतं, हे कुणाला सांगून पटत नाही. ग्रुपवर भांडणं व्हायची. कुणी म्हणायचं हिनं आता थांबावं, कुणी म्हणायचं अजून दोन वर्षं नाचेल. मीही रागारागानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहायचे आणि मग वर्गात फळ्यावर गणित मांडताना त्याचंच उत्तर डोक्यात घोळायचं. पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, त्या गेल्या त्याचं दुःख, दुकानाची पडती बाजू, दर आठवड्याची ती बस, आणि या सगळ्यावर एका परदेशी बाईच्या घोट्याची काळजी. घरच्यांचीच काळजी आधी पुरेशी होती.

शेवटी तिनं जाहीर केलं की या हंगामाअखेर ती थांबणार. निरोपाचा खेळ रविवारी दुपारचा, आपल्याकडे संध्याकाळी, आणि तो थेट दाखवणार होते. आम्ही ठरवलं, लातूरला एकत्र बघायचा. पण त्याच रविवारी आमच्या कॉलेजात कुठल्याशा भरतीची परीक्षा आली आणि माझी पर्यवेक्षणाची ड्यूटी लागली. नाही म्हणायची सोय नव्हती. मोबाईल सकाळीच जमा करून घेतले. दुपारी सुटले, धावत बसस्टँड गाठलं, लातूरची गाडी मिळाली. वेळेत पोचले असते.

लोह्याच्या पुढं गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, मग हळूहळू सगळेच उतरले. पट्टा तुटला होता म्हणे. मागून येणारी गाडी भरून आली आणि थांबलीच नाही. मी रस्त्याकडेला बाभळीखाली उभी राहून मोबाईल उघडला. पडदा वर गेला, तुताऱ्या वाजल्यासारखं काहीतरी झालं, आणि चित्र गोठलं. मधोमध पांढरं वर्तुळ फिरत राहिलं. मी मोबाईल उंच धरला, रस्ता ओलांडून पलीकडे गेले, एका दगडावर चढले. एक म्हातारा बुवा शेजारी बसला होता, तो म्हणाला, "कुणी आजारी हाय का घरी, बाई?" मी म्हणाले, "न्हाई. एक जण रिटायर होऊन राहिली आज." तो म्हणाला, "मग तर सुखाची गोष्ट हाय." थोड्या वेळानं बॅटरी संपली.

घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नवऱ्यानं हातातली पिशवी घेतली. अक्कांनी आधी ताट वाढलं, भाकरी, शेंगाची चटणी, वरण. मी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," अक्का म्हणाल्या.

"नीट सांगा ना."

त्या समोर पाट घेऊन बसल्या. "नाचली ती. घोटा दुखून राहिला आसंल, पण दिसू दिलं न्हाई. लास्टला एकटीच पुढं आली. लोक उठले. टाळ्या, टाळ्या. मग एकेक जण फुलं घेऊन यायला लागला. ते म्हातारे सर आले, तिला मिठीच मारली. वरून रंगीत कागदं पडायला लागली."

"रडली का?"

"कुणास ठाऊक. मी मागं बगत होते."

मी घास हातात धरून थांबले.

"त्या मागच्या पोरी," अक्का म्हणाल्या, "टाळ्या वाजवत उभ्या. एवढा नाच झाला, आन् पुन्हा इतका वेळ उभं ऱ्हायचं. बसता येत न्हाई, पाणी पिता येत न्हाई. हसून टाळ्या वाजवायच्या. आपली पोरगी एका पायावर भार टाकून उभी होती. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. शेजारच्या पोरीनं तिला हळूच कोपरानं टेकू दिला. कागदं पडून राहिली होती ना, त्यातला एक तिच्या कानावर अडकला. काढला न्हाई तिनं. परवानगी नसंल."

"आणि पुढं? माझ्या बाईचं?"

"हात हलवला तिनं. लई वेळ हलवला. मग पडदा पडला." अक्का उठल्या, वरणाचं पातेलं आणलं. "घे अजून. दिवसभर उपाशी दिसतीस."

तो खेळ पुढं काही दिवस पुन्हा बघता येत होता. मी उघडला नाही. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी यायचं, आणि खरं म्हणजे अंगात त्राणच नव्हतं. आता जेव्हा तो निरोप आठवायला जाते तेव्हा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारी एक मुलगीच डोळ्यांपुढं येते. माझी बाई त्यात कुठंतरी पुढं, पाठमोरी.

नव्या हंगामात मी नवी कुणी निवडली नाही. ग्रुपवर दोन तरुण मुलींची नावं चालली होती, सगळे वाटून घेत होते. मला एवढंच वाटलं, पुन्हा पहिल्यापासून कोण काळजी करणार. अक्का मात्र बघत होत्या. एका शनिवारी मी पोचले तर त्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेल्या, चेहरा कसनुसा.

"ती न्हाई," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हंजे? तीन खेळ बगितले. कोणत्याच रांगेत न्हाई. फोटोबी काढून टाकला."

मी कंपनीच्या पानावर पाहिलं. खरंच नव्हती. माझ्या बाईसाठी महिनाभर लेख, मुलाखती, फुलं झाली होती. हिच्यासाठी एक ओळही नव्हती. अक्का संतापल्या. "न सांगता? इतकी वर्षं उभी ऱ्हायली पोरगी. शिपाई रिटायर झाला तरी आमच्या शाळेत शाल-नारळ द्यायचो आमी."

मी ग्रुपवर विचारलं. बऱ्याच जणांना ती कोण तेच कळेना. मी रांग, टोक, कान असं सगळं वर्णन करून लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. मग त्याच शहरात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं लिहिलं की तिच्या कंबरेचं हाड झिजलं होतं, डॉक्टरांनी नाचायला मनाई केली, आणि ती आपल्या गावी आईकडे परत गेली. पुढचं कुणाला माहीत नव्हतं.

मी हे फोनवर सांगितलं नाही. लातूरला जाईपर्यंत थांबले. रविवारची दुपार होती, अक्का गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत ऐकत पापड पसरत राहिल्या. एक दुमडला होता तो त्यांनी बोटानं सरळ केला.

"आई हाय का तिला," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं झालं. झोपंल तरी आता पोरगी. सकाळी उठायची घाई न्हाई."

मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत. चटईच्या टोकावर दगड ठेवला आणि कठड्याला टेकून बसल्या. मीही बसले. बसताना कमरेला हात लावावा लागला, तो त्यांनी बघितला.

"तुझं किती ऱ्हायलं?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं. पूर्ण केली तर."

"आन् न्हाई केली तर?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, नवऱ्यानंही नाही, मी स्वतःलाही नाही. पेन्शनचा हिशेब, पोराची फी, दुकानाची हालत, सगळं एकदम डोक्यात आलं.

"बघू," मी म्हणाले.

"बग," अक्का म्हणाल्या. "सांगून ये पण. न सांगता येऊ नको. दोन फुलं तरी आणीन मी."

खालून नवऱ्यानं चहाला हाक मारली. अक्का मला उठवायला हात देत होत्या, त्यांचेही गुडघे कुरकुरत होते. आम्ही एकमेकींना धरून जिना उतरलो. सोमवारी पहाटे मी नांदेडची गाडी धरली. अहमदपूरपर्यंत उभं राहावं लागलं.